चेटकिणीचा णकार

आरामनगरच्या तळमजल्यावर,
जिथे आधी कुणाची तरी न्हाणी होती
आणि आता भिंतींना काळा फोम चिकटवलाय,
तिथे सहा वर्षं मी परदेशी राक्षसांची बारशी केली.

पडद्यावर ओठ तीनदा हलले तर नाव तीन अक्षरी.
शेवटी मिटले तर प, ब, नाहीतर म.
या हिशोबात एका आग ओकणाऱ्या सापाचा
कदंब झाला,
पुलाखालच्या बुटक्याचा गोटीराम.
राणीला मात्र मी हिशोब लावला नाही.
मृणालिनी म्हटलं. ओठ गेले उडत.

रात्री यारी रोडच्या खोलीवर कोश उघडून बसायचो.
परी फारसीतून आली, पंखांसकट.
खवीस अरबीत नुसता वाईट होता,
इकडे आल्यावर त्याला राहायला झाड मिळालं.
समंध म्हणजे संबंधच,
पिढ्यांनी तोंडात घोळवून मऊ केलेला.
राक्षसाच्या पोटात 'रक्ष' आहे, राखणं.
काय राखायचं, कुणापासून,
तेवढं कोशात नव्हतं.
आणि चेटकिणीच्या शेजारी, बारीक अक्षरांत:
चेटी, म्हणजे दासी.
वाचलं.
पान उलटलं.

मग तिचे संवाद लिहायला घेतले
आणि कुणी न सांगता
प्रत्येक ण चा न केला, प्रत्येक ळ चा ल.
पानी. कालोख. कोन हाय तिकडं.
चेटकीण अशीच बोलते,
हे मला कुणी शिकवलं होतं ते आठवत नाही.

आवाज द्यायला वेसाव्याच्या हेमलता टपके आल्या.
सकाळी बालवाडीत मुलांकडून
ण बाणाचा, ण बाणाचा घोकून घेऊन
दुपारी इथे, तासाच्या पैशांवर.
कागद वाचला. कानावरचे हेडफोन काढले.
"सर, या दोघी सख्ख्या बहिणी ना?
एकाच आयच्या, एकाच घरातल्या?
मग एकीचा ण कुठं हरवला?"

मी म्हटलं, साडेपाचला दुसऱ्यांचं बुकिंग आहे.

काचेपलीकडे व्हिन्सेंट खाली बघून
उगाच बटणं पुसत राहिला.
"माजी आय आशीच बोलते," बाई म्हणाल्या,
रागावून नाही, हजेरी घ्यावी तशा.
"आजून तिनं कोनाचा बेडूक केला नाय."

आणि माइकसमोर उभ्या राहून
त्यांनी शाप दिला:
प्राण, पाषाण, रण, ऋण,
प्रत्येक णकार टाळूला टेकवून, असा कोरडा, असा शुद्ध
की माझ्या शाळेतला फळा डोळ्यांपुढे आला
आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

राणीचा आवाज त्या दिवशी आलाच नव्हता.
जागा भरायला म्हणून तिच्याही ओळी त्यांनीच म्हटल्या,
घरच्या बोलीत.
"मी रानी हाय या नगराची."
रानी.
मी पेन खाली ठेवलं.
एक णकार निघाला
आणि राणी रानात उभी राहिली,
जिथे तिच्या बहिणीला आम्ही सगळ्यांनी मिळून धाडलं होतं.

चॅनेलने अर्थात परत पाठवलं.
राणी गावठी वाटते, चेटकीण भीतीदायक वाटत नाही.
दादरची एक मुलगी येऊन राणी बोलून गेली,
चेटकिणीला कांदिवलीहून कुणी आणली,
तिने तो हेल इतका ताणला
की तो कुठल्याच गावचा राहिला नाही.
मी दोघींच्या कागदांवर सही केली.
आटपाट नगरातले लोक कसे बोलत असतील,
हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो.
गोष्ट सांगणारा पहिल्या वाक्यात नगराचं नाव घेतो
आणि घाईघाईने राजाकडे वळतो.

एक शब्द मात्र सुटला.
शेवटी, आगीच्या कडेला,
राणी वळून बहिणीला हाक मारते.
तिथे घाईत कुणीतरी जुनाच तुकडा ठेवला,
हेमलताबाईंचा:
"बाय."

कुणाच्या लक्षात आलं नाही.
ब ला ओठ मिटतात.
पडद्यावरचेही
तिथेच मिटले होते.